मिसरीला बसणं

"आ कर. अजून मोठा. आता जीभ वर."

शालननं एवढा मोठा आ केला की रांगेत मागं उभ्या असलेल्या आम्ही पोरी खुदखुदायला लागलो. वानखडे मॅडम बॅटरी तिच्या तोंडात धरून, मान वाकडी करून आत बघत होत्या. विहिरीत पडलेली घागर शोधावी तसं त्यांचं चाललं होतं.

हायस्कूलच्या चित्रकलेच्या खोलीत तपासणी होती. त्या वर्षी आमच्या कागल भागातल्या शाळांत 'पालवी' नावाचा कार्यक्रम आला होता. वयात येणाऱ्या मुलामुलींचं आरोग्य, असं त्याचं काम. आमच्या लेखी पालवी म्हणजे वानखडे मॅडम. दर मंगळवारी त्या यष्टीनं यायच्या, आमची वजनं करायच्या, रक्तवाढीच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या, आणि घरात विचारायची सोय नव्हती त्या गोष्टी सरळ बोलायच्या. तोवर आम्हाला मोठ्या माणसांनी विचारायचे प्रश्न दोनच होते, मार्क किती पडले आणि भाकरी येतात का. तुला बरं वाटतं का, झोप लागते का, असं कुणी विचारतं हेच आम्हाला नवं होतं. म्हणून मंगळवारी शाळा बुडवायची नाही, असा आमचा आपला नेम झाला होता.

मॅडमनी बॅटरी विझवली. शालनच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, एक पांढरा चट्टा होता. गेले काही महिने तिला तिखट सोसत नव्हतं. आमच्या गावची पोरगी, आणि भाकरी दुधात कुस्करून खाते, म्हणून आम्ही तिला चिडवत होतो.

"तंबाखू खातेस?" मॅडमनी विचारलं.

शालननं माझ्याकडं बघितलं आणि आम्हा दोघींना एकदमच हसू फुटलं. कारण गॅदरिंगला आम्ही व्यसनमुक्तीचं नाटक बसवत होतो, मॅडमनीच लिहिलेलं, आणि त्यात तंबाखूराक्षसाचं काम शालन करत होती. तिचा आवाज खणखणीत. ती "खाऽऽ रे खा, माणसा" असं गायला लागली की पहिलीची पोरं खरोखर रडायची.

"न्हाई ओ मॅडम," ती म्हणाली. "आमच्या घरात कुणीच खात न्हाई. बाबा तर सुपारीला पण शिवत न्हाईत."

"मग तोंडात काही धरून ठेवतेस काय? गोळी, चॉकलेट?"

"छे. मिसरी लावते तेवढी. सकाळी, नि जेवल्यावर."

"मिश्री?" मॅडमना हसू आलं. "रोज? अगं बाप्पा, गोड कमी कर जरा. दात किडतील अशानं."

शालन बावचळून माझ्याकडं बघायला लागली. मिसरी गोड कधी झाली, हे काही तिला कळेना. पण मॅडम शिकलेल्या, त्यांना काय सांगायचं, म्हणून तिनं मान हलवली. मॅडमनी जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

झालं होतं असं, की मॅडम अमरावतीच्या. नोकरी लागून नुकत्याच आमच्या मुलखात आलेल्या. त्यांच्याकडं मिश्री म्हणजे खडीसाखर. आणि आमच्याकडं मिसरी म्हणजे तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली पूड, जी बायका बोटानं दातांना नि हिरड्यांना चोळतात. तिला तंबाखू म्हणायचं आमच्यात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तंबाखू गडी माणसं खातात, तळहातावर चुना लावून. मिसरी ही दात घासायची वस्तू. माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी, बदली होऊन गावात आलेले, म्हणून आमच्या घरात तेवढी पेस्ट होती. पण मीसुद्धा शालनच्या घरी मिसरी भाजताना शेकडो वेळा ठसकले होते आणि मलाही हे दोन आणि दोन चार कधी सुचले नव्हते. तेव्हा शालन मॅडमशी खोटं बोलली नाही आणि मॅडमनीही दुर्लक्ष केलं नाही. दोघी आपापल्या परीनं अगदी बरोबर होत्या, आणि चट्टा वाढत होता.

नाटकाच्या तालमी शालनच्याच घरी व्हायच्या. तिच्या घराचं परडं मोठं, म्हशीचा गोठा एका अंगाला, आणि मागच्या दाराला एक लांब दगडी पायरी. दुपारी भांडी झाली की त्या पायरीवर शालनची आई अन्सामावशी आणि तिची नणंद बायाक्का येऊन बसायच्या. शेजारच्या दोघीतिघी यायच्या. मधे एक जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, डबी फिरायची. चिमूटभर काळी पूड बोटावर घेऊन प्रत्येकजणी सावकाश दात चोळत बसायची.

बायाक्का म्हणजे शालनची आत्ती, तिच्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला म्हणून माहेरी आलेली आणि तेव्हापासून त्या घराचा सगळा कारभार हातात घेतलेली. अन्सामावशी तिला वन्सं म्हणायची आणि तिच्यापुढं फारसं तोंड उघडायची नाही. बायाक्काच्या राज्यात रिकामं बसणं हा मोठा गुन्हा होता. शालन पुस्तक घेऊन बसलेली दिसली तरी ती "रिकामी दिसतीस, जरा म्हशीला पाणी दाव" म्हणायची. आमची तालीम मात्र तिला आवडायची. डबीतली मिसरी दातांना चोळता चोळता ती आमचं नाटक बघायची, पचकन थुंकायची आणि म्हणायची की असंच पायजे, ह्या गड्यांना तंबाकूनं पार खाल्लंय. आम्हाला त्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं.

गॅदरिंगला नाटक फार रंगलं. शालननं तोंडाला काजळी फासून असा काही राक्षस उभा केला की सरपंचांनी स्टेजवर येऊन खिशातली तंबाखूची चंची मॅडमच्या हातात दिली. टाळ्याच टाळ्या. मग मॅडमचा सत्कार, मग सरपंचांचं भाषण, आणि त्या भाषणात शेवटची यष्टी निघून गेली. मॅडमनी आमच्याकडं राहावं असं माझे वडील म्हणाले. पण शालन हट्टाला पेटली की मॅडम आमच्याकडंच येणार. शेवटी मॅडम तिच्याकडं गेल्या आणि त्यांच्या सोबतीला मीही.

सकाळी मला जाग आली ती ठसक्यानं. घरभर धूर, डोळे झोंबतायत, मॅडम अंथरुणात उठून बसलेल्या आणि पदरात खोकतायत. त्यांना वाटलं काहीतरी पेटलं. शालन हसत म्हणाली, "काय न्हाई मॅडम, आत्ती तुमच्यासाठी ताजी भाजतीया."

पाहुणीला शिळी मिसरी कशी द्यायची, म्हणून बायाक्का अंधारातच उठली होती. चुलीवर पत्रा ठेवून तिनं ताजी मिसरी भाजली, खलात कुटली, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली आणि डबीत भरली. तोंड धुवायला म्हणून मॅडम परड्यात आल्या तेव्हा ती डबी तिनं दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली. मॅडमची पेस्ट कोल्हापुरात त्यांच्या खोलीवर राहिली होती. त्यांना वाटलं ही राखुंडी असेल. यजमानीणबाईचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी चांगली बोटभर पूड घेतली आणि दात घासायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं त्या थांबल्या. मग पायरीवर बसल्या. मग त्यांच्या कपाळावर घाम आला, चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या उठून गोठ्यामागं जाऊन ओकल्या. अन्सामावशी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. बायाक्का मात्र शांत होती.

"पयल्यांदा गरगरतंय," तिनं धीर दिला. "मग सवय हुती."

मॅडमनी चूळ भरली. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हे काय आहे, आत्याबाई?"

"मिसरी."

"कशाची?"

"कशाची म्हंजे? तंबाकूची. हितंच पिकतीया की, भायेरनं आणाय लागत न्हाई."

मॅडमनी शालनकडं बघितलं. शालनच्या गालावर अजून रात्रीच्या राक्षसाची काजळी होती आणि बोट तोंडात, खालच्या ओठाच्या आत, बरोबर त्या चट्ट्याच्या जागी. त्यांनी नुसता शालनचा हात धरून तो तोंडातून बाहेर काढला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. ते ठसक्याचं होतं असं मला तेव्हा वाटलं.

त्याच आठवड्यात त्या शालनला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. सोबत तिचे वडील आणि मी. मी कशाला, तर विजू आल्याशिवाय मी जात नाही असं शालननं सांगितलं होतं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, मॅडमशी इंग्रजीत बोलले आणि मग शालनला समोर बसवून मराठीत सांगितलं. हे अजून वाईट झालेलं नाही, पण त्या वाटेवर आहे. मिसरी आत्ता सोडली तर जाईल. नाही सोडली तर मी काही सांगू शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी परत दाखवायला या.

परतीच्या यष्टीत ती खिडकीपाशी बसली होती. निढोरी गाव मागं पडलं तेव्हा तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "विजे, कॅन्सर झाल्यावर आवाज पण जातोय व्हय गं?"

मी म्हणाले, तुला कुठं काय झालंय. पण माझी एकच मैत्रीण होती आणि ती ही होती.

आता मिसरी सोडायची, एवढंच तर होतं. शालन मोठ्या जिद्दीची, तिनं त्याच दिवसापासून सोडली. मी माझ्या घरून तिला पेस्ट नेऊन दिली. पहिल्या दिवसांत तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, वर्गात ती पेन्सिली चावून चावून बारीक करायची. मंगळवारी मॅडम तिला जवळ बसवून बोलायच्या, लवंग चघळायला द्यायच्या. आणि त्यानंतर शाळेत कुणालाच त्या "तंबाखू खातेस का" असं विचारत नसत. "दात कशानं घासतेस" असं विचारत. पहिल्यांदा विचारलं तेव्हा निम्म्या वर्गानं "मिसरीनं" म्हणून सांगितलं, अगदी मान वर करून, आणि मॅडमना खुर्चीवर बसावं लागलं.

पण शाळेत सोडलेलं घरात टिकायला हवं. म्हणून एका दुपारी मॅडम मोठे रंगीत तक्ते घेऊन शालनच्या परड्यात आल्या. सडलेली तोंडं, गळ्याला भोकं पडलेली माणसं. त्यांनी पायरीसमोर उभं राहून सगळं समजावून सांगितलं. बायकांनी पहिला तक्ता बघितला आणि मग एकीनंही मान वर केली नाही. डबी तेवढी कुणाच्या तरी पदराखाली गेली. बायाक्का म्हणाली की माझं वय बघा, माझे दात बघा, एक तरी हलतोय का. माझ्या भाचीला कुणाची दृष्ट लागलीया, मिसरीला बोल लावू नका. मॅडम समजावत राहिल्या. पोरीसमोर घरात रोज भाजली जाते, डबी फिरते, ती एकटी कशी सोडेल. तुम्ही सगळ्याच सोडा ना. काय अडतं तुमचं मिसरीवाचून?

अन्सामावशी सगळ्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. ती खाली बघत म्हणाली,

"सोडू की. पण मग बसायचं कशाला?"

मॅडमना कळलं नाही. त्यांनी परत विचारलं.

"मिसरी लावाय बसलं तर कुणी काय म्हणत न्हाई," अन्सामावशी म्हणाली. "नुसतंच बसलं तर म्हणत्यात."

बायाक्काची मान गर्रकन वळली. "कोण म्हणतंय? मी म्हणते व्हय? मी तुला बसू देत न्हाई व्हय गं?"

अन्सामावशीनं त्या घरात वन्संसमोर काढलेलं ते सगळ्यात मोठं भाषण होतं. बायाक्का उठली आणि तरातरा आत निघून गेली. बाकीच्या बायकाही पदर झटकून पांगल्या. मॅडम तिथंच तक्ते हातात घेऊन उभ्या. मग त्यांनी ते तक्ते गुंडाळले, भिंतीशी उभे केले आणि अन्सामावशीच्या शेजारी पायरीवर बसल्या. यष्टीची वेळ होईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. काय बोलल्या मला माहीत नाही, कारण शालनला आणि मला म्हशीच्या पाण्याला पिटाळलं होतं.

त्यानंतर त्या घरात सगळं बिनसलं. बायाक्का अन्सामावशीशी कामापुरतं बोलू लागली. मिसरी पहिल्यासारखीच भाजली जात होती. आणि शालन दुपारी पायरीवर जायची बंद झाली, डबी नको म्हणून. ती आतल्या खोलीत एकटी बसायची. पायरीवरनं बायकांचं बोलणं, हसणं ऐकू यायचं. आत बसलेली पोरगी रिकामी दिसायची, म्हणून तिला काम लागायचं. कधी सरपण, कधी दळण. आईच्या शेजारी टेकून गप्पा ऐकायच्या, आईनं पदरानं तोंड पुसायचं, कुणीतरी गाणं म्हण म्हणायचं, हे सगळं एकदम गेलं. ती मला म्हणाली की तोंडाला मिसरी नाही त्याचं काही वाटत नाही विजे, पण दुपार खायला उठती.

मार्चमध्ये एकदा मी गणिताची वही मागायला गेले तर पुढच्या खोलीत कुणी दिसेना. परड्यातून हुंदक्याचा आवाज आला. शालन पायरीवर बसली होती, बोट तोंडात, ओठ काळा झालेला, आणि गालावरनं पाणी वाहतंय. मांडीवर डबी उघडी. तिच्यासमोर, गोठ्याच्या दारात, शेणाची पाटी कमरेवर घेऊन बायाक्का उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. मला वाटलं आता ही पोरीला सोलून काढणार.

बायाक्कानं पाटी खाली ठेवली. हात धुतले. येऊन शालनच्या शेजारी बसली, आपल्या लुगड्याच्या पदरानं तिचं तोंड आतून पुसलं, लहान पोराचा शेंबूड पुसावा तसं.

"कशापायी लावलीस?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"आईजवळ बसायचं हुतं," शालन म्हणाली. "नुसतं कसं बसू?"

मग बायाक्का बोलायला लागली, ती शालनशी बोलत होती का माझ्याशी का म्हशीशी, कळत नव्हतं. लग्न होऊन गेले तवा तुझ्याएवढी पण नव्हते, म्हणाली. सासू दिवसभर बूड टेकू द्यायची न्हाई. भाकरी थापतानासुदीक उकिडवं बसायचं. पण मिसरीला बसले की बोलायची न्हाई. ती पण लावायची ना. म्हणून लावाय शिकले. गरगरायचं, ओकायचे, तरी लावायचे. तेवढंच बसाय मिळायचं.

एवढं बोलून ती उठली. डबी घेऊन उकिरड्यापाशी गेली आणि सगळी मिसरी उकिरड्यावर पालथी केली. डबीच्या बुडावर टिचकी मारून राहिलेली पूडही झाडली. मला वाटलं डबीही फेकणार. पण तिनं ती हौदावर नेऊन राखेनं घासली, लख्ख केली, पदरानं पुसली आणि परत आणून पायरीवर मधोमध ठेवली.

"डबी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "डबीबिगर बसाय येत न्हाई."

मग तिनं घराकडं तोंड करून हाक मारली, "अन्सा, ये गं. मिसरीला बसू या."

अन्सामावशी पदराला हात पुसत आली, दारातच थबकली. तिनं रिकामी डबी बघितली, वन्संकडं बघितलं, शालनच्या तोंडाकडं बघितलं. मग येऊन बसली. बायाक्कानं डबी उघडून तिच्यापुढं धरली. अन्सामावशीनं आत बोट घातलं, काहीच नसलेलं बोट बाहेर काढलं, आणि दोघी नणंदा-भावजया अशा हसायला लागल्या की म्हैस बिचकली. त्या घरात मी त्या दोघींना एकत्र हसताना पहिल्यांदा बघितलं. शालन आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. मीही बसले. गणिताची वही त्या दिवशी राहून गेली.

बायाक्काचं स्वतःचं सुटायला मात्र फार दिवस लागले. ती गोठ्यात चोरून लावायची, आणि शालननं पकडलं की म्हातारपणाचं कारण सांगायची. पण घरात पुन्हा मिसरी भाजली गेली नाही, आणि दुपारची रिकामी डबी सुरू राहिली. गल्लीतनं जाणारी एखादी विचारायची, "काय, मिसरी चाललीया व्हय?" ह्या म्हणायच्या, "व्हय, ये की." ती यायची, डबी उघडायची आणि चकायची. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या मुद्दाम एका मंगळवारी आल्या. बायाक्कानं त्यांच्यापुढंही दोन्ही हातांनी डबी धरली, म्हणाली, "घ्या मॅडम, ह्या खेपंला गरगरायची न्हाई." त्यानंतर मॅडम दुसऱ्या गावांतही तक्ते न्यायच्या बंद झाल्या. दुपारी जायच्या आणि आधी बायकांबरोबर बसायच्या.

सुट्टीआधी आम्ही परत कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी शालनचा ओठ खाली ओढून बॅटरी धरली. उजेडात तिथं काही नव्हतं. त्यांनी दुसऱ्या बाजूला बघितलं, परत तिथंच बघितलं, मग मॅडमना बोलावून दाखवलं. ओठ गुलाबी होता. नुसता गुलाबी. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर शालननं पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडीवरची मिसळ खाल्ली. तिखटानं नाकाडोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ती अजून कट मागत होती. मॅडमनी एक घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायल्या. येताना यष्टीत ती राक्षसाचं गाणं म्हणाली, मोठ्यांदा. कंडक्टरनं तिला दरडावलं आणि मग तिकिटं फाडता फाडता तोच गुणगुणायला लागला.

वर्षभरानं मॅडमची बदली झाली, पालवीही पुढं कधीतरी बंद पडली. शालन आता निपाणीकडं अंगणवाडी चालवते आणि येणाऱ्या प्रत्येक पोरीला "दात कशानं घासतीस" विचारते. अन्सामावशी आहे. बायाक्का गेली.

माझ्या लग्नात बायाक्का आली होती. रुखवतात शेवया, कुरडया, मोत्यांची तोरणं मांडलेली, आणि त्यात तिनं आणून एक लख्ख जर्मलची डबी ठेवली. माझ्या सासूबाई पुण्याच्या. त्यांनी उघडून बघितली आणि विचारलं की ह्यात काय असतं. बायाक्का म्हणाली, "काय न्हाई. बसाय लागती." मग मला बाजूला घेऊन सांगितलं की रिकामीच हाय, रिकामीच ठेव.

ती डबी आमच्या गॅलरीत झाडांच्या कुंड्यांपाशी असते. चार वाजता हातातलं काम टाकून मी तिथं बसते. कुणी विचारलं तर मिसरीला बसलेय म्हणून सांगते. माझी लेक गार्गी लहान असताना तिनं शाळेत सांगितलं होतं की माझी आई रोज मिसरी लावते, तेव्हा बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. ती गोष्ट गार्गी अजून हसून सांगते.

आता ती कंपनीत आहे, घरूनच काम करते. सकाळी कानाला लावलेला हेडफोन रात्री उतरतो. जेवण टेबलावर गार होतं, झोप नाही, डोळ्यांखाली काळं आलंय. मी काही बोलायला गेले की "आई, प्लीज" म्हणते. मी बोलणं सोडलं होतं.

परवा मी गॅलरीत बसले होते. मागं दार वाजलं. गार्गी आली, केस विस्कटलेले, हेडफोन गळ्यात. काही वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "सरक ना थोडी."

मी सरकले. तिनं डबी उचलली, उघडली, आत बघितलं, आणि बोट घालून रिकामं बोट बाहेर काढलं. हे तिला मी कधीच शिकवलं नव्हतं. डबी तिनं मांडीवर ठेवली आणि डोकं माझ्या खांद्याला टेकलं. आत तिचा फोन वाजायला लागला. थांबला. परत वाजायला लागला. ती उठून आत गेली आणि मला वाटलं, झालं, गेली. पण दारातूनच तिचं बोलणं ऐकू आलं.

"नंतर करते," ती कुणाला तरी सांगत होती. "आत्ता जरा मिसरीला बसलेय."

पलीकडच्यानं काहीतरी विचारलं असावं. तिनं काही समजावून सांगितलं नाही. फोन आतच ठेवून ती परत आली आणि माझ्या शेजारी बसली.